दहा पौंडांची शेवटची बोली

१७ जून १८१२. लंडनच्या सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये ड्यूक ऑफ रॉक्सबर्गच्या वाड्यासमोर बग्ग्यांची रांग लागली आहे. तुम्ही घोड्यांच्या मधून वाट काढत आत शिरता. पाच आठवड्यांपूर्वी या शहरात पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांना संसदेच्या दारात गोळी घालण्यात आली. तिकडे नेपोलियनशी युद्ध चालू आहे, इकडे पाव महाग झाला आहे. पण या वाड्याच्या जेवणघरात दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडी एकच विषय आहे: आज बोकाच्चोचं 'देकामेरोन' पुकारलं जाणार.

ड्यूकला जाऊन आठ वर्षं झाली. तो जन्मभर अविवाहित राहिला आणि त्याने ग्रंथ जमवले. त्याच्यामागे पदवी कोणाला मिळावी यावर वारसांचा वाद लांबला, म्हणून ग्रंथ इतकी वर्षं कपाटांत अडकले होते. आता १८ मेपासून रविवार सोडून रोज लिलाव चालतो आणि तो एकूण ४२ दिवस चालणार आहे. यादीत नऊ हजारांवर नोंदी आहेत. तुमच्या शेजारचा पुस्तकविक्रेता यादीच्या समासात प्रत्येक नोंदीपुढे शाईने भाव टिपतो. अशा यादीला ओलांडून पुढे जाऊ नका. पुस्तक कोणाकडून कोणाकडे गेलं आणि केवढ्याला गेलं, हे पुढच्या पिढ्यांना या समासातूनच कळणार आहे.

मांडून ठेवलेले ग्रंथ बोलीआधी हाताळायची मुभा असते. तुम्ही बोकाच्चो हातात घेता. फिक्या पडलेल्या पिवळ्या मोरोक्को चामड्याची बांधणी, आत 'देकामेरोन'च्या शंभर गोष्टी: प्लेगच्या साथीत फ्लॉरेन्स सोडून गेलेल्या दहा तरुण-तरुणींनी एकमेकांना सांगितलेल्या. वेनिसमध्ये क्रिस्टोफर वाल्डारफरने हे १४७१ साली छापलं, तेव्हा त्या शहरात छपाई येऊन दोनच वर्षं झाली होती. जुना जाणकार मजकुरात रमत नाही, तो आधी पानं मोजतो. एखादं पान गळालंय का, दुसऱ्या प्रतीचं पान आणून चिकटवलंय का, कडा कातरून समास बारीक केलाय का, हे बोटांनी तपासतो. ब्लेनहाइमच्या वाड्यात याच आवृत्तीची प्रत आहे, पण तिची ५ पानं गहाळ आहेत. या प्रतीचं एकही पान गेलेलं नाही आणि अशी दुसरी प्रत कोणालाच माहीत नाही. आज जमलेली गर्दी त्या पाच पानांमुळे जमली आहे.

पान उलटताना तुमच्या मनात साहजिकच येतं की आपल्या मराठीत या वर्षी छापलेलं काय आहे? पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आहे आणि पोथ्या हातानेच लिहिल्या जात आहेत. मिरजेला पटवर्धनांनी सात वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापून घेतली. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८१० साली मराठी शब्दकोश छापला, तोही मोडी ठशांत. आणि याच वर्षी ११ मार्चला तिथला छापखाना जळाला. कागदाचे गठ्ठे गेले, ठसे वितळले, हस्तलिखितं राख झाली. ती बातमी अजून समुद्रात, जहाजावर आहे. या खोलीतल्या कोणालाच ती ठाऊक नाही. मला मात्र हे दोन प्रसंग एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. पुस्तक दुर्मीळ होतं ते आगीने, ओलीने, वाळवीने आणि निष्काळजी हातांनी. लिलावात मग त्या नासाडीचा हिशेब पैशांत मांडला जातो.

लिलाव पुकारणारे रॉबर्ट एव्हान्स उंच आसनावर बसले आहेत. त्यांच्या उजव्या हाताला भिंतीला खांदा टेकून अर्ल स्पेन्सर उभे आहेत. त्यांचा ऑल्थॉर्पचा ग्रंथसंग्रह साऱ्या युरोपात नावाजलेला. थोडं पलीकडे मार्क्विस ऑफ ब्लॅन्डफर्ड. तो ब्लेनहाइमचा वारस, म्हणजे पाच पानं गेलेली ती प्रत त्याच्याच घराण्यातली. नेपोलियनचा माणूस गर्दीत आहे, अशीही कुजबुज कानावर येते.

पहिली बोली श्रॉपशरहून आलेला एक गृहस्थ देतो, १०० गिनी. याच घराण्यातल्या मागच्या ड्यूकने हे पुस्तक एकेकाळी तेवढ्यालाच घेतलं होतं, असं सांगतात. पण बघता बघता आकडा पाचशेवर जातो, हजार गिनी ओलांडतो आणि बाकीचे एकेक करून गप्प होतात. उरतात दोघंच. स्पेन्सर बोलतात, ब्लॅन्डफर्ड त्यावर दहा वाढवतो. स्पेन्सर पुन्हा बोलतात, तो पुन्हा दहा. तुमच्या लक्षात येतं की एव्हान्स घाई करत नाहीत. कसलेला पुकारणारा माणसाला विचार करायला तेवढा वेळ देतो. मुलगा लॉर्ड ऑल्थॉर्प वडिलांच्या मागे येऊन उभा राहतो. दोन हजारांच्या पुढे खोलीत श्वासही ऐकू येत नाही. स्पेन्सर म्हणतात, २,२५० पौंड. ब्लॅन्डफर्ड शांतपणे म्हणतो, दहा.

एव्हान्स थांबतात. सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे. स्पेन्सर मान हलवत नाहीत. हातोडा पडतो: २,२६० पौंड. छापील पुस्तकाला एवढा भाव आजवर कधीच आलेला नव्हता आणि पुढचं अर्धशतकही येणार नाही. खेड्यातल्या शेतमजुराची आयुष्यभराची मजुरी त्यापुढे तोकडी पडेल.

सगळे ब्लॅन्डफर्डभोवती गोळा होतात. तुम्ही मात्र भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. माझ्या मते आजची किंमत स्पेन्सरनी ठरवली. ब्लॅन्डफर्डच्या मनात कितीही ओढ असती, तरी समोर कोणी उभं नसतं तर पुस्तक काहीशे गिनींना त्याच्या पदरात पडलं असतं. लिलावाच्या इतिहासात जिंकणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत येतं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला कोणी विचारत नाही. खरेदीच्या पावतीवर जो आकडा येतो, तो मात्र त्याच्या धीरातून आलेला असतो. आणि नेमक्या कुठल्या क्षणी थांबायचं हे ज्याला उमगतं, तो मोठा संग्राहक होतो.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. ब्लॅन्डफर्ड यथावकाश ड्यूक ऑफ मार्लबरो होईल, कर्जात बुडेल आणि १८१९ साली त्याच्या व्हाइटनाइट्सच्या संग्रहाचा लिलाव होईल. हातोडा पुन्हा एव्हान्स यांच्याच हाती असेल. हेच पुस्तक तेव्हा ९१८ पौंड १५ शिलिंगांना सुटेल आणि स्पेन्सरच्या कपाटात जाईल. १८९२ मध्ये एन्रिकेटा रायलंड्स या विधवा बाई ऑल्थॉर्पचा अख्खा संग्रह विकत घेतील आणि १९०० साली मँचेस्टरमध्ये दिवंगत नवऱ्याच्या नावाने तो वाचकांना खुला करतील. एका उमरावाच्या जेवणघरातून निघालेलं पुस्तक अशा वाटेने सार्वजनिक ग्रंथालयात पोचतं. या सगळ्या व्यवहारांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या बाईंचा.

रस्त्यावर गाणाऱ्यांच्या एकेका पेनीच्या पोवाडेवजा कवनांचे तीन खंडही याच लिलावात विकले जातात, तेही ४७७ पौंड १५ शिलिंगांना. रद्दीत जायचे कागद ड्यूकने जपले, म्हणून ते आज ब्रिटिश लायब्ररीत सापडतात. इंग्रजीतलं पहिलं छापील पुस्तक, कॅक्स्टनची ट्रॉयची कथा, ड्यूक ऑफ डेव्हनशर १,०६० पौंड १० शिलिंगांना घेतो. एकूण विक्री २३,००० पौंडांच्या वर जाते.

आज संध्याकाळी सेंट ऑल्बन्स टॅव्हर्नमध्ये ही मंडळी जेवायला जमतात आणि तिथेच रॉक्सबर्ग क्लब जन्माला येतो. त्याचे पहिले अध्यक्ष स्पेन्सर. प्रत्येक सदस्याने एखादा दुर्मीळ ग्रंथ स्वखर्चाने पुन्हा छापून इतरांना द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता पडतो आणि क्लब आजही ग्रंथ काढतो. जेवणानंतर पेले उचलले जातात, त्यांतला एक वेनिसच्या क्रिस्टोफर वाल्डारफरच्या नावाने, ज्याने ३४१ वर्षांपूर्वी ते ठसे जुळवले होते.