विश्वशोधाचा पैसाफंड

राजाश्रयावांचून मोठीं कार्यें सिद्धीस जात नाहींत, असा एक समज रूढ आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील विज्ञानाच्या इतिहासांत या समजास धक्का देणारें एक प्रकरण घडलें. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

पृथ्वीखेरीज इतरत्र कोणी बुद्धिमान् प्राणी आहेत काय, हा प्रश्न प्राचीन होय. रेडिओच्या साहाय्यानें त्याचें उत्तर शोधण्याचा पद्धतशीर यत्न १९६० सालीं झाला. अमेरिकन ज्योतिर्विद फ्रँक ड्रेक यांनीं ग्रीन बँक येथील रेडिओ-दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे लावून कोणाची हांक येते काय, तें पाहिलें. हांक आली नाहीं. पण पुढच्यांना वाट दिसली. कालांतरानें नासा या सरकारी संस्थेनें हें काम हातीं घेतलें. तथापि १९९३ सालीं अमेरिकन काँग्रेसनें त्याचें द्रव्यसाहाय्य बंद केलें.

अडचण केवळ द्रव्याची नव्हती. पोर्तो रिको बेटावरील आरेसिबो येथें ३०५ मीटर व्यासाची दुर्बीण होती. ती इतरांच्या कामांत गुंतलेली असतांनाही तिजकडे येणाऱ्या लहरी टिपून ठेवतां येत. परंतु त्यांतील प्रत्येक सूर निराळा काढावयाचा आणि ग्रहांच्या गतीमुळें तो किती सरकला असेल, याच्या असंख्य शक्यता तपासावयाच्या, हें गणित अफाट होतें. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील डेव्हिड अँडरसन व त्यांचे सहकारी यांनीं तें घरोघरीं वांटून देण्याचें ठरविलें. १७ मे १९९९ रोजीं ‘सेटी ॲट होम’ हा उपक्रम सुरू झाला.

त्याची रीत सोपी होती. हायड्रोजन वायूचा स्वाभाविक सूर १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या भोंवतालच्या लहरींच्या मुद्रणाचे लहान लहान तुकडे पाडीत. एकेक तुकडा सुमारें १०७ सेकंदांचा असे. गृहस्थ काम आटोपून उठला, कीं त्याचा रिकामा संगणक त्या तुकड्याचें गणित करी व उत्तर परत पाठवी. एकच तुकडा अनेक घरीं धाडून उत्तरें ताडून पाहत, त्यामुळें एखाद्या यंत्राची चूक खपत नसे. आपल्याकडे एकेक पैसा गोळा करून पैसाफंडानें तळेगांवास कांचेचा कारखाना उभारला, तसाच हा प्रकार. पन्नास लाखांहून अधिक लोकांनीं त्यांत आपला वांटा घातला. विजेचा खर्चही ज्याचा त्यानेंच सोसला.

३१ मार्च २०२० रोजीं नवे तुकडे वांटणें थांबलें. त्याच वर्षीं १ डिसेंबरला आरेसिबोची दुर्बीणही कोसळली. परक्या जीवाची हांक निश्चितपणें सांपडली, असें घडलें नाहीं. मग हे श्रम वायां गेले काय? याच पद्धतीच्या ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या उपक्रमांत २०१० सालीं अमेरिकेंतील व जर्मनींतील घरगुती संगणकांनीं आरेसिबोच्याच मुद्रणांतून एक नवा पल्सार, म्हणजे ठराविक ठेक्यानें लहरी धाडणारा तारा, शोधून काढला. शिवाय जेथें कसून शोधलें तेथें कांहीं आढळलें नाहीं, हेंही ज्ञानच होय. पुढील शोधकास तेवढें क्षेत्र पुन्हा पहिल्यापासून धुंडाळावें लागत नाहीं. सामान्य गृहस्थाचा रिकामा वेळ शास्त्राच्या कामीं येऊं शकतो, हें तर या उपक्रमानें सिद्धच केलें आहे.