स्कॉटलंडांतील हॅलोवीनचीं सोंगें

ख्रिस्ती पंचांगांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याच्या आदल्या रात्रीस हॅलोवीन म्हणतात. आपल्याकडे हें नांव अमेरिकेच्या द्वारें आलें; त्यामुळें केशरी भोपळा आणि मिठाई एवढेंच त्याचें रूप आपणांस ठाऊक. परंतु हे आचार मूळचे आयर्लंड व स्कॉटलंड येथले, आणि अमेरिकेस जातांना त्यांतील एक गोष्ट वाटेंत गळून पडली.

माझी मुलगी, जावई व सात वर्षांचा नातू २०२२ सालीं एडिंबरा शहरीं राहावयास गेले. दोन महिने जिन्यांत भेटणारे शेजारी केवळ मान हालवीत. याचें मुलीला फार वाईट वाटे. ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळीं त्यांनीं मुलाला वाघाचें सोंग दिलें. पहिल्याच दारीं एका वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, "बरें, वाघोबा, आपण काय करून दाखविणार?" झोळी पुढें केली म्हणजे झालें, अशी नातवाची समजूत! तो गोंधळला. आई त्याला परत नेणार, तोंच त्यानें मीं पाठ करून घेतलेला सतराचा पाढा मराठींत खणखणीत म्हटला. गृहस्थांस अक्षरहि कळलें नाहीं. पण त्यांनीं तो शेवटपर्यंत ऐकला, आणि मगच मूठभर भुईमुगाच्या शेंगा व एक संत्रें झोळींत टाकलें. त्या रात्रीं सहा घरांतील माणसांनीं मुलाचें नांव विचारलें.

ही पृच्छा त्या गृहस्थांची लहर नव्हे. या प्रथेस तेथें 'गायझिंग' म्हणतात. त्याचा अर्थच सोंग घेणें. मुलानें गाणें, कविता किंवा विनोद सादर करावा व मग खाऊ घ्यावा, असा रिवाज. त्या रात्रीं भुतेंखेतें हिंडतात, त्यांनीं आपणांस ओळखूं नये म्हणून तोंड झांकावयाचें, अशी जुनी समजूत. कंदील भोपळ्याचा नसून सलगमाच्या जातीच्या एका टणक कंदाचा असे. जावयानें तसा एक कोरून पाहिला. दोन चमचे वांकले.

रॉबर्ट बर्न्स या कवीनें १७८५ सालीं या रात्रीवर दीर्घ काव्य रचून त्यांतील आचार स्वतःच टीपांत समजावून दिले. तरुण मंडळींनीं डोळे मिटून कोबीच्या जातीचें एक रोप उपटावयाचें. देठ सरळ निघाला तर जोडीदार सरळ अंगाचा. मुळाला माती चिकटून आली तर हुंडा भरपूर!

१८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडून दुष्काळ पडला आणि लाखों लोक अमेरिकेस गेले. हे आचारहि तिकडे रुजले. तेथें मोठा भोपळा मिळे. तो कोरावयास सोपा. पुढें विसाव्या शतकांत मुलांच्या तोंडीं एक नवी घोषणा आली : खोडी कीं खाऊ! म्हणजे खाऊ द्या, नाहींतर खोडी काढूं. कला गेली, धमकी राहिली. ती थट्टेची असली तरी मला आवडत नाहीं.

आमच्या कोंकणांत शिमग्याला संकासुराचें सोंग दारीं येतें, नाचतें आणि मग पोस्त मागतें. या दोन प्रथांचा कांहीं संबंध आहे असें मी म्हणत नाहीं. पण मागणारा आधीं कांहीं देतो, ही रीत दोन्हीकडे एकच.

आतां अमेरिकेची घोषणा उलट प्रवास करून स्कॉटलंडांत आली आहे, आणि तेथील दुकानांत भोपळ्यांचे ढीग लागतात. तरी कांहीं दारांवर अद्यापि आधीं तोच प्रश्न विचारला जातो.