दीड दिवसाची उजळणी

17 सप्टेंबर 2024. अनंत चतुर्दशी. महाद्वार रोडवर विसर्जनाची मिरवणूक, आणि त्याच दुपारी दोनला सीए इंटरचा टॅक्सेशनचा पेपर. आदल्या रात्री मावसबहिणीचा फोन आला, "ताई, सगळं वाचलंय गं, पण काहीच आठवंना." मी रसायनशास्त्रवाली, टॅक्समधलं मला ओ की ठो कळत नाही. पण माणूस विसरतो कसा, यावर थोडंफार वाचलेलं होतं.

आधी कॅलेंडर बघू. मुंबई सरकारने 1918 मध्ये जीडीए हा अकाउंटन्सीचा डिप्लोमा सुरू केला. 1 जुलै 1949 ला सीए इन्स्टिट्यूट आली. पुढे कित्येक वर्षं मे आणि नोव्हेंबर हेच सीएवाल्यांचं पंचांग होतं. 2024 पासून इंटर वर्षातून तीनदा होते. ऐकायला बरं वाटतं, नापास झालं तरी सहा महिने थांबायला नको! पण मे 2024 चा निकाल लागला 11 जुलैला आणि पुढचा पहिला पेपर 12 सप्टेंबरला. म्हणजे हातात दोन महिने. बहिणीचा पहिला ग्रुप राहिला होता. तिने पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

इथे हर्मान एबिंगहाउस आठवतो. या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, काही काळाने पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजलं. 1885 मध्ये त्याने हे छापलं. तासाभराने निम्म्याहून कमी बचत उरली, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश, महिन्याने एक पंचमांश. म्हणजे मोठी गळती पहिल्याच दिवशी, नंतर ती मंदावते. डेप्रिसिएशन काही निरर्थक अक्षरं नाहीत, समजलेलं हळू विसरतं, हे मान्य. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं दुसरं निरीक्षण : एका दिवसात सलग 68 वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून 38 वेळांत साधलं.

2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे. बहिणीने दोन महिने फक्त वाचलं होतं. "वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं," ती म्हणाली. तिथेच फसगत झाली.

त्या वेळीही ग्रुप राहिला. ऐन दिवाळीत निकाल, जानेवारीत पुन्हा परीक्षा.

या वेळी आम्ही उलटं मोजलं. दोन पेपरांत बहुधा एक दिवस मोकळा असतो. संध्याकाळी पाचला सुटलं की परवा दुपारी दोनपर्यंत 45 तास. मुलं याला 'दीड दिवस' म्हणतात, गणपतीसारखंच. झोप, जेवण, जाणं-येणं वजा केलं तर वीस-बावीस तास उरतात. तेवढ्यात जे डोळ्यांखालून जाईल तेवढ्याच नोट्स ठेवायच्या. त्याआधी प्रत्येक धडा तीनदा : दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. दर वेळी आधी कोरा कागद, मग पुस्तक.

पहिल्या आठवड्यात ती वैतागली. कोऱ्या कागदावर जीएसटीच्या चार ओळी उतरल्या होत्या, आणि तो धडा तिने सहा वेळा वाचलेला होता.