दत्तूची आई

नाशिकात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. भाजी आणायला निघालेली बाईसुद्धा 'गंगेवर जाऊन येते' असे सांगून घराबाहेर पडते. या गंगेच्या काठाने मावळतीकडे सहा-सात मैल गेले की जलालपूर नावाचे गाव लागते. एके काळी तिकडे जायचे म्हणजे दशम्या बांधून निघावे लागे. आता शहरच पसरत पसरत त्याच्या वेशीशी जाऊन उभे राहिले आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे हे माहेर. त्यांचा जन्म 1 जून 1868 चा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, घरातल्यांची मनू. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकातच त्यांचा अंत झाला. या दोन तारखांच्या मधले सारे त्यांनी स्वतःच 'स्मृतिचित्रे'मध्ये सांगून ठेवले आहे, आणि मराठी वाचकाला ते नव्याने सांगण्याचे धाडस मी करणार नाही. ते पुस्तक आमच्या घरात कसे वाचले गेले, एवढेच मला सांगायचे आहे. त्यासाठी मधूनमधून थोडा इतिहास सांगावा लागेल. मास्तरणीची खोड आहे, वाचकांनी सोसून घ्यावी.

आमचे जुने घर पंचवटीत, काळारामाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. आजीचे माहेर आणि सासर दोन्ही त्याच आळ्यांतले. तिला अक्षरओळख नव्हती. रेशनच्या दुकानात अंगठा देताना मात्र ती दरवेळी ओशाळायची. जन्मसाल तिला ठाऊक नव्हते. कोणी विचारले तर म्हणे, "देवळाची दारं बंद होती ना, त्या साली मी चार-पाच वर्षांची." त्या हिशेबाने ती 1925-26 ची. 1994 साली ती न्हाणीघरात पडली आणि मांडीचे हाड मोडून चार महिने खाटेला खिळली. मी तेव्हा नववीत होते. आईने सार्वजनिक वाचनालयातून 'स्मृतिचित्रे' आणले आणि माझ्या हातात दिले. "रोज थोडं थोडं आजीला वाचून दाखव. तुझं वाचन सुधारेल, तिचा वेळ जाईल." पुस्तक कोणाचे, ती बाई पुढे कोण झाली, हे आईने मुद्दामच सांगितले नाही.

पुस्तकाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे आहे. त्यांच्या सासऱ्यांना सत्तावनच्या बंडात फाशी झाले. त्या धक्क्याने जावयाच्या मनाला जे लागले, ते शुचिर्भूतपणाचे वेड होऊन बाहेर आले. बाजारातून आणलेले मीठ, साखर हे जिन्नसदेखील धुऊन घ्यायचे! धुतलेल्या साखरेचे काय होते ते कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. सत्तावनचा इतिहास आपण झाशी, कानपूर, मीरतेच्या नावांनी शिकवतो. मीही वर्गात तसाच शिकवते. पण त्या बंडाची एक धग गोदाकाठच्या एका स्वयंपाकघरात शिरली आणि तिने एका बाईचा उभा जन्म पाण्यात काढायला लावला, हे कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. ते एका मुलीने पाहिले, आणि पुढे साठी ओलांडल्यावर हसत हसत सांगितले, म्हणून आपल्याला कळले.

आजी हे ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पायाला हिसका बसला तरी हसू आवरेना. "माझा सासरा गं, अगदी हाच! पोस्टातून आलेल्या पत्रावर पाणी शिंपडायचा. अक्षरं फुटायची, मग दिवसभर ओरडायचा, काय लिहिलंय ते लागत नाही म्हणून." त्या दिवसापासून रोज दुपारी ती माझी वाट पाहू लागली. लेखिकेचे नाव तिने कधी घेतले नाही. पुस्तकात मुलगा झाला तेव्हापासून ती तिला 'दत्तूची आई' म्हणू लागली, जशी शेजारणीला म्हणावे तशी.

मनूचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावी 1861 साली जन्मलेला, आई गेल्यावर घर सोडून नाशिकला आलेला, गणेशशास्त्री लेल्यांपाशी संस्कृत शिकलेला, कवी, वक्ता, आणि संसाराच्या दृष्टीने पाहिले तर वाऱ्यावरची वरात. कधी नोकरी सोडून येईल, कधी न सांगता गावाला निघून जाईल, याचा नेम नाही. बायकोला लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवले, हे मात्र त्यांच्या खात्यावर मांडलेच पाहिजे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दत्तू तेव्हा तीन-चार वर्षांचा होता.

त्या दिवशीच्या वाचनाला आजी हसली नाही. "ख्रिस्ती झाला?" एवढेच तिने विचारले. मग थोड्या वेळाने, "आणि बायकोला विचारलं नाही मेल्यानं?" पुढे वाचू का, म्हटले तर तिने तोंड भिंतीकडे फिरवले. "नको. परत देऊन टाक ते." आईला मी सांगितले, आई म्हणाली, "असू दे कपाटात." आठ दिवस पुस्तक तसेच पडून राहिले. नवव्या दिवशी मी शाळेतून आले तर आजी उशाला टेकून बसलेली. "वाच गं पुढं. त्या दत्तूचं काय झालं?"

दत्तूची आई त्याला घेऊन जवळजवळ पाच वर्षे नवऱ्यावाचून राहिली. कधी बहिणीकडे नाशिकला, कधी नणंदेकडे पंढरपूरला. दुःख अनावर झाले तेव्हा तिने पहिल्यांदा कविता रचली. मग ती नगरला आली. प्रथम वेगळे बिऱ्हाड, मग एका छपराखाली पण चूल निराळी. आपल्याकडच्या धर्मांतराच्या हकिकती बहुतेक पुरुषांनी लिहिलेल्या आहेत. त्यांत वाद असतात, ग्रंथ असतात, रात्ररात्र जागून केलेली चर्चा असते. पाण्याचा हंडा कोणी भरायचा, भाताचे पातेले कोणी उतरवायचे, पोराने बापाच्या ताटात जेवायचे की नाही, हे प्रश्न त्या हकिकतींत नसतात. कारण ते त्या पुरुषांना कधी पडलेच नव्हते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात मुख्य वाद हाच आहे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी पोथीत सोडवला नाही. दुसऱ्याच्या हातचे पाणी समोर आले तेव्हा सोडवला. एकदा तो सुटल्यावर पुढचे सगळे आपोआप आले. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

पाण्याचे हे प्रकरण मी वाचत होते तेव्हा आजीने हात वर करून मला थांबवले. मला वाटले, पुन्हा भिंतीकडे वळणार. पण ती बोलू लागली.

ती जे बोलली ते समजण्यासाठी 1930 साल आठवले पाहिजे. त्या वर्षी 2 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे नाशिकातले खंदे कार्यकर्ते. हजारोंची मिरवणूक देवळापर्यंत आली. देवळाची दारे बंद करण्यात आली. पहिल्या तुकडीतले 125 पुरुष आणि 25 स्त्रिया चारही दारांशी बसल्या. 9 एप्रिलला, रामनवमीच्या रथाच्या वेळी, दगडफेक झाली, डोकी फुटली. सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. ग्रंथांतून हे सगळे सापडते. आजीने सांगितले ते असे:

"आमच्या घराच्या भिंतीच्या सावलीला एक बाई येऊन बसली होती. त्या दाराशी बसणाऱ्यांतलीच. मांडीवर पोर, माझ्याएवढं. उन्हाचा कार. पोरानं पाणी मागितलं. आईकडे नाही, माझ्याकडे बघून मागितलं, मी खिडकीत होते ना. मी आत जाऊन फुलपात्र भरून आणलं. खिडकीतून देणार, तर आमच्या आजीनं माझं मनगट धरलं. फुलपात्र घेतलं, पाणी मोरीत ओतलं, खिडकी लावली. आणि मग ते फुलपात्र चिंच लावून लावून घासलं. मी म्हटलं, अगं आजी, त्यानं तर हातसुद्धा लावला नाही. तर म्हणाली, मागितलं ना."

बराच वेळ ती गप्प बसली. मी पंधरा वर्षांची पोर, काय बोलावे ते मला कळेना. शेवटी काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हटले, "आजी, तू लहान होतीस." त्यावर ती चिडली. "मोठी झाले तेव्हा मी काय वेगळं केलं? तुझ्या आईला विचार." आईला मी विचारले नाही. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप माझ्या लहानपणी न्हाणीच्या कोनाड्यात वेगळा असे, हे मला न विचारताही ठाऊक होते. तो कप त्या वर्षी कोनाड्यातून नाहीसा झाला. कोणी हलवला ते मी पाहिले नाही, आणि घरात त्याबद्दल कोणी एक शब्द बोलले नाही.

नंतर एकदा मी भीत भीत म्हटले, "ते पाण्याचं मी कुठं सांगणार नाही हं." आजी म्हणाली, "का? तिनं बापाचं सांगितलंच की नाही? मग!" तरी मी ते आजवर कुठे लिहिले नव्हते. तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत आज्या आल्या, सोवळी आली, पंचवटीही आली. ही खिडकी तेवढी आली नाही.

पुस्तक पुढे सरकत होते. राहुरी, नगर, प्लेगचे दिवस, अनाथ मुलांचा सांभाळ. सोवळ्याच्या घरातली मनू आता परक्या रोग्यांची उस्तवार करीत होती. टिळकांच्या घरी येऊन राहिलेला ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखा वागवला. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला, तेव्हा आजीने मला दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा वाचायला लावले. त्यानंतर वर्षभराने, 9 मे 1919 ला, टिळकही गेले. येशूच्या जीवनावरचे त्यांचे 'ख्रिस्तायन' दहा अध्याय आणि अकराव्याचा काही भाग एवढेच झाले होते. ज्या बाईला नवऱ्याने धडे घालून वाचायला शिकवले, तिने पुढचे 64 अध्याय रचले. शेवटचा, 76 वा, मुलाने लिहिला, आणि 1938 मध्ये ग्रंथ निघाला. एका ग्रंथाला बाप, आई, मुलगा असे तीन हात लागल्याचे दुसरे उदाहरण मराठीत मला तरी आठवत नाही.

'स्मृतिचित्रे'ची कुळकथाही घरातलीच. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आईने लिहायला घेतले आणि वडिलांचे चरित्र बाजूला राहून आईचेच झाले. 'संजीवनी'त ते छापून येऊ लागले. 1934 मध्ये पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला, 1935 मध्ये दुसरा नि तिसरा, 1936 मध्ये चौथा. ही वर्षे नाशिकच्या दृष्टीने केवढी! काळारामाची दारे दलितांना बंद होती ती बंदच होती, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्याच वर्षी नाशिकची एक म्हातारी आपल्या बापाच्या घरी साखर कशी धुतली जाई ते मराठी वाचकांना सांगत होती. या दोन गोष्टींचा मी काही कार्यकारणसंबंध जोडत नाही. पण इतिहास शिकवताना त्या शेजारी शेजारी मांडाव्यात असे मला वाटते, आणि आता तशा मांडते.

पुढे पुस्तक दूरवर गेले. 1950 मध्ये जोसेफिन इंकस्टर यांनी त्याचे इंग्रजी केले. 2017 मध्ये शांता गोखले यांनी पुन्हा नव्याने केले. विजया मेहता यांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट काढला, त्यातल्या सुहास जोशी कित्येकांना आजही लक्ष्मीबाई म्हणूनच आठवतात. देवदत्तांचे पुत्र अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या पुस्तकाची टीपांसह आवृत्ती सिद्ध केली. आजीने आठवेल तसे सांगावे आणि नातवाने चष्मा लावून तारखा तपासाव्यात, यात मला त्या घराची मोठी श्रीमंती दिसते. माझ्या आजीच्या एकाही आठवणीची तारीख मी तपासू शकत नाही. ती खिडकी मार्चमधली की एप्रिलमधली, हेसुद्धा मी तिला विचारून घेतले नाही. 1997 च्या श्रावणात ती गेली.

पण ते वाचन पुरे झाले होते. चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या हातून पुरा झाला नाही. उरलेला मजकूर देवदत्तांनी लिहिला. हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी आपली नेहमीच्या ठेक्यात वाचत चालले होते. दिवेलागणीची वेळ झाली होती, आई आत कुकर लावत होती. चार-पाच ओळी झाल्या असतील नसतील, आजीने मान उचलली.

"थांब गं. ही ती नाही बोलत. कोण बोलतंय हे?"

मी मागचे पान उलटून पाहिले, पुढचे पाहिले. मग मला उलगडा झाला. म्हटले, "दत्तू, आजी. तिचा मुलगा. ती वारली ना."

आजीने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतले.

"बरं," ती म्हणाली, "सांगू दे त्याला. वाच."