दिव्याची दोरी कुणाच्या हाती?

मी पुण्याच्या शनिवार पेठेतून बोलते आहे. इथल्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. त्या काळी उजेड म्हणजे तेल आणि वात. उजेड वाढवायचा तर वात पुढे सारायची, कमी करायचा तर मागे घ्यायची. रंग हवा असेल तर कंदिलाला रंगीत कागद लावायचा. घरोघरी सांजवात लावायची ती बाईनेच. म्हणजे दिव्याची दोरी आपल्याच हाती होती.

मग वीज आली आणि रोषणाई हे पुरुषांचं काम झालं. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. ते झाड गोल फिरायचं. पुढे उत्सवांच्या रोषणाईत लाकडी रूळ आला. रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत. मोटरने रूळ फिरला की ज्या तारेला पट्टी टेकेल, ती दिव्यांची ओळ पेटायची. बंगालमधल्या चंदननगरच्या कारागिरांनी अशा रुळांवर पळणारी, उडणारी चित्रं उभी केली. हा रूळ म्हणजे आजच्या कंट्रोलरचा आजोबा.

१९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल उजेडाचा एलईडी बनवला. झगझगीत निळा मिळायला मात्र १९९० चं दशक उजाडलं. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्याचं एवढं कौतुक का? लाल, हिरवा आणि निळा उजेड कमी-जास्त मिसळला की हवा तो रंग तयार होतो. हे मिसळण्याचं काम कंट्रोलर करतो. तो प्रत्येक रंग सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. आपल्या डोळ्याला ती उघडझाप कळत नाही, फक्त रंग बदललेला दिसतो.

एका वर्षी गौरी-गणपतीच्या आराशीसाठी मी पट्टी एका दुकानातून घेतली, कंट्रोलर दुसऱ्या. पट्टीला तीन तारा, कंट्रोलरला चार! गौरी घरात आल्या आणि मखर अंधारात. शेवटी समईवर भागवलं. पैसे गेले ते गेलेच.

म्हणून सांगते, आधी तारा मोजा. साध्या रंगीत पट्टीला बहुधा चार तारा असतात. ती सगळी एका वेळी एकच रंग दाखवते. पिक्सेल पट्टीला बहुधा तीन. तिच्यावर रंग पळतात, कारण तिथे दिव्यांना वेगवेगळा हुकूम जातो. एकीचा कंट्रोलर दुसरीला चालत नाही.

मग व्होल्ट बघा. पट्टीवर ५, १२ किंवा २४ लिहिलेलं असतं. ५ च्या पट्टीला १२ चा अॅडॅप्टर लावला तर ती जळते.

शेवटी अँपियर. समजा पट्टी १२ व्होल्टची, ५ मीटर लांब आणि मीटरला १४.४ वॅट घेणारी आहे. एकूण ७२ वॅट झाले. त्याला १२ ने भागलं की ६ अँपियर. कंट्रोलर आणि अॅडॅप्टर थोडे मोठे, ८ अँपियरचे घ्या, म्हणजे तापणार नाहीत. अॅडॅप्टर पावसापासून आणि मंडपाच्या कापडापासून लांब ठेवा.

आमच्या पेठेपासून चालत जाण्यासारखी तपकीर गल्ली आहे, विजेच्या सामानाचा पुण्यातला जुना बाजार. तिथे या किंवा तालुक्याच्या दुकानात जा, पट्टीचा तुकडा बरोबर न्या आणि लावून दाखवायला सांगा. विचारायला लाजू नका.

गावच्या गणपतीच्या रोषणाईचं काम तुमच्या बचत गटाने का घेऊ नये? वात सारणाऱ्या हाताला हे जड नाही.