महसुलाच्या कागदांतली खाडी

मे १६७४. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलला पोहोचला आणि तिथून खाडीने वर अष्टमीला गेला. पुढचा रायगडपर्यंतचा प्रवास खुष्कीचा. इंग्रजांच्या दफ्तरातली ही नोंद आपल्या इतिहासकारांनी तहासाठी, नजराण्यांसाठी, दरबाराच्या वर्णनासाठी पुरेपूर वापरली. मला तिच्यातून दोनच गोष्टी हव्या आहेत : महिना आणि मुक्कामाचे गाव. अष्टमी रोह्याच्या समोरच्या काठावर आहे. मे महिना पावसाच्या आधीचा. त्या दिवसांत सह्याद्रीतून येणारी कुंडलिका अगदी रोडावलेली असणार. तरीही होडी अष्टमीला लागली, म्हणजे तिला वर आणणारे पाणी भरतीचे होते. भरती जिथवर येते तिथवर बोय, कोलंबी आणि चिंबोरी येऊ शकतात. त्या कागदात यांपैकी एकाही जिवाचे नाव नाही, पण त्यांच्या वस्तीची वरची हद्द साधारण कुठे असावी, ते त्यावरून कळते.

खाडीच्या जीवसृष्टीचा जुना इतिहास असाच आडवाटेने काढावा लागतो. लिहिणाऱ्याला सारा हवा होता, मीठ हवे होते, नाहीतर वाट हवी होती. मासा त्याच्या कागदात आलाच तर ओझरता.

पेणकडचा मोठा पुरावा १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये आहे. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या या खंडात शिलोत्री नावाच्या धारापद्धतीचे वर्णन येते. भरतीखालचे खाजण बांध घालून भातासाठी काढायचे, बाहेरचा बांध शिलोत्रीदाराने राखायचा आणि त्या राखणीपोटी कुळाने बिघ्यामागे शिलोत्री मण द्यायचा, असा व्यवहार होता. वर्णनात बांध आहे, भात आहे, मण आहे, पण बांधामुळे जे बाहेर राहिले त्याला रकाना नाही. खारेपाटाची जमीन कशी बनली हे मात्र यातून स्वच्छ कळते. आज जिथे राता भात पिकतो, तिथे आधी उधाणाचे पाणी फिरत होते, आणि जिथे असे पाणी फिरते तिथे कोकणात तिवर आणि चिपी उगवतात. म्हणजे शिलोत्रीचा प्रत्येक बिघा हा खाडीकडून घेतलेला बिघा. कारभाराच्या भाषेत ही पडीक जमिनीची सुधारणा, आणि भुकेल्या माणसाच्या दृष्टीने ती खरीही होती. शंभर वर्षांनंतरच्या निसर्गप्रेमाने त्या कष्टकऱ्यांना आरोपी करणे मला पटत नाही.

बांधातली उघाडी मात्र नीट समजून घ्यायला हवी. तिची झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते, आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. शेताला हेच हवे. जिताड्याला नेमके याच्या उलट हवे असते. हा मासा वाढतो गोड्या आणि मचूळ पाण्यात, पण अंडी घालायला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. त्याची पिल्ले पावसाळ्यात भरतीबरोबर वर येतात आणि ओहोळांत, दलदलीत, शेतांत शिरतात. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात, त्यामुळे ताटात मिरवणारा भला मोठा जिताडा बहुधा मादीच असतो. बंगालात यालाच भेटकी म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. पेण-अलिबागच्या खारेपाटात पावसाळ्यात जिताड्याची पिल्ले धरून गावतळ्यांत सोडण्याची, ती वाढवण्याची रीत आहे. माझा तर्क असा, की बांधांनी पिल्लांची वाट अडवली आणि माणसाने ती हाताने उचलून आत नेली. याला कागदाचा आधार नाही. तर्क म्हणूनच घ्यावा.

रोह्याकडे सगळ्यात मोठा बदल १९२७ साली झाला, आणि त्याचा उगम घाटावर आहे. मुळशी धरणाचे पाणी डोंगरातून खाली आणून टाटांचे भिरा वीजकेंद्र सुरू झाले. जे पाणी मुळेतून भीमेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचे, ते चाकांवरून उतरून कुंडलिकेत आले. मुळशी सत्याग्रहावर, सेनापती बापटांवर, बुडालेल्या गावांवर भरपूर लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण त्या पाण्याने खालच्या खाडीचे काय केले, हा प्रश्न इतिहासात फारसा येत नाही. ऑक्झिंडेनच्या मे महिन्यात जी नदी रोडावत होती, ती आता भर उन्हाळ्यात वाहते. कोलाडचे राफ्टिंग याच पाण्यावर चालते. उन्हाळ्यातले खारे पाणी त्यामुळे खाली रेटले गेले असणार. शास्त्रज्ञांनी कुंडलिकेच्या खाडीत क्षार आणि प्राणवायू मोजायला सुरुवात केली ती यानंतर कितीतरी वर्षांनी. त्यांनी ‘मूळ स्थिती’ म्हणून धरलेली नदी आधीच बदललेली होती. पुढे धाटावची रासायनिक वसाहत आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले, आणि त्यांत कुंडलिका आहे.

कायद्यांचा माग सोपा आहे. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्याने बांधांचे काम सरकारी यंत्रणेकडे गेले. पेणला त्यासाठी खारभूमी विकास विभागाचे कार्यालय आहे. या कायद्यांची खार जमिनीची कल्पनाच बांधावर उभी आहे : समुद्रापासून किंवा भरतीच्या नदीपासून बांधाने राखून लागवडीजोगी केलेली जमीन. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडीवर राज्यभर बंदी घातली, २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष झाला, आणि त्याच जमिनीकडे पाहणारा दुसरा कागद तयार झाला.

पेच इथे पडतो. उधाणाने बाहेरकाठा, म्हणजे बाहेरचा बांध, फुटतो, खांड पडते, वेळेवर बुजत नाही. दोन-चार पावसाळ्यांत शेतात खारे पाणी मुरते, मग तिवराची रोपे धरतात. सातबारा म्हणतो भातशेती, कांदळवनाचा नकाशा म्हणतो वन. शेतकरी म्हणतो, बांध सरकारने राखला असता तर झाड उगवलेच नसते. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे आहेत.

वाद मोजणीने सुटेल असे नाही, पण तारखा लावता येतील. उपग्रहाची लँडसॅट चित्रे १९७२ पासून उपलब्ध आहेत. कोणत्या गटात हिरवा ठिपका कधी दिसू लागला ते त्यांत शोधता येते. शेजारी खारभूमी विभागाच्या दुरुस्तीच्या फायली ठेवाव्यात : खांड कधी पडली, अंदाजपत्रक कधी झाले, काम कधी पुरे झाले. शिलोत्रीच्या गावांची जुनी नावे गॅझेटियरवरून जुळवावीत. मग निदान एवढे तरी गटवार सांगता येईल, की तिथले तिवर बांधाच्या आधीपासूनचे आहे की बांध फुटल्यानंतरचे.