रावबहादूर बोले यांचा ठराव

दादरला पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाकडे जो रस्ता जातो, त्याला एस. के. बोले मार्ग असें नांव आहे. मंगळवारीं त्या रस्त्यानें दर्शनाला जाणाऱ्यांची रीघ लागते. परंतु हे बोले कोण, असें त्या रांगेंत कोणी विचारलें तर उत्तर देणारा विरळाच सांपडेल. रस्त्याला नांव दिलें म्हणजे स्मरणाचें कर्तव्य संपलें, अशी आपल्या शहरांची समजूत दिसते.

सीताराम केशव बोले हे भंडारी समाजांतले. मुंबईच्या गिरणकामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं जी खटपट केली, त्याच वाटेनें पुढें जाणारी कामगार हितवर्धक सभा १९०९ सालीं स्थापन झाली व तिच्या प्रमुख चालकांत बोले होते. त्यापूर्वींची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९०७ सालीं महार समाजांतील एक मुलगा मॅट्रिक झाला. त्याच्या अभिनंदनार्थ सभा भरली, तिचे अध्यक्ष बोले होते. त्याच सभेंत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिलें. मुलाचें नांव भीमराव रामजी आंबेडकर.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानें प्रांतिक कायदेमंडळांचा विस्तार झाला. स्थानिक स्वराज्याचें खातें लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलें. परंतु सभासदाच्या हातीं फारसें सामर्थ्य आलें, असें मात्र नव्हे. त्यानें ठराव आणावा, तो बहुमतानें संमतही व्हावा, तरी कायद्याच्या दृष्टीनें ती केवळ शिफारसच. सरकारनें ती मानली तर मानली.

अशा कायदेमंडळांत बोले यांनीं १९२३ च्या ऑगस्टमध्यें आपला ठराव मांडला आणि ४ ऑगस्ट रोजीं तो संमत झाला. सार्वजनिक पैशांतून बांधलेले किंवा चालविलेले, अथवा सरकारनें नेमलेल्या वा कायद्यानें निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यांतील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, न्यायालयें, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करूं द्यावा, असा त्याचा आशय होता. ठरावाची किल्ली त्याच्या पहिल्याच शब्दांत आहे. बोले यांनीं दयेची याचना केली नाहीं, कीं शास्त्रार्थाच्या वादांतही ते शिरले नाहींत. जें सर्वांच्या पैशानें उभें राहिलें तें सर्वांचें, एवढेंच त्यांचें म्हणणें. त्याला प्रत्युत्तर देणें सनातन्यांना कठीण होतें, कारण कर घेतांना कोणी विटाळ मानीत नसे!

सरकारनें ११ सप्टेंबर १९२३ रोजीं हुकूम काढला. आपल्या मालकीच्या जागांपुरती अंमलबजावणी करावी असें खात्यांच्या प्रमुखांना कळविलें. नगरपालिका व लोकल बोर्डें यांनीं मात्र या शिफारशीचा विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनीं त्यांना द्यावा, एवढ्यावरच भागविलें. तळीं आणि विहिरी बहुतेक याच संस्थांच्या ताब्यांत होत्या. सल्ला आणि आज्ञा यांतील अंतर सरकारी कागदांत एका शब्दाचें असतें. गांवच्या विहिरीवर तें किती मोठें होतें तें घागर घेऊन ताटकळणारी बाईच जाणे. पुष्कळशा संस्थांनीं कांहींच केलें नाहीं. तेव्हां ५ ऑगस्ट १९२६ रोजीं बोले यांनीं दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका व बोर्डें ही शिफारस अमलांत आणण्यास नाकारतील, त्यांचें सरकारी अनुदान बंद करावें. तीन वर्षांत त्यांना उमगलें होतें कीं सद्‌बुद्धीची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. तिजोरीची नाडीच आवळली पाहिजे.

कुलाबा जिल्ह्यांतील महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालींच ठराव करून चवदार तळें सर्वांना खुलें केलें होतें. सुरेंद्रनाथ टिपणीस हे तेथील पुढारी या मताचे होते. पण तळें खुलें झालें तें दप्तरांत. अन्यधर्मीय तेथें पाणी घेत, गुरेंही पीत. अस्पृश्य मानलेला मनुष्य मात्र तीन वर्षें काठाशीं आला नाहीं. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडला परिषद भरली. दुसऱ्या दिवशीं अनंत विनायक चित्रे यांच्या सूचनेवरून हजारो लोक शिस्तीनें तळ्यावर गेले आणि आंबेडकरांनीं ओंजळभर पाणी घेतलें. वीस वर्षांपूर्वींचा तो मॅट्रिक झालेला मुलगा बोले यांचा ठराव असा काठापर्यंत घेऊन गेला. आतां हे वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी आवई उठली. परिषदेस आलेल्या माणसांना मारहाण झाली. पुढें गोमूत्र-शेण घालून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें आपला ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव संमत होऊन त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं.

पुढें दावा न्यायालयांत गेला. तळें नगरपालिकेचें नसून खाजगी आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादि आहे, असा वादींचा पक्ष. दहा वर्षांनीं, १७ मार्च १९३७ रोजीं, उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांच्यापुढें तो शेवटचा टिकला नाहीं. (१९२२ सालीं अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा देणारे न्यायाधीश तेच ब्रूमफील्ड.) तळें नगरपालिकेचें ठरलें, आणि जुनी वहिवाट सिद्ध झाली नाहीं.

२६ जानेवारी १९५० पासून भारताची घटना अमलांत आली. तिच्या १५ व्या अनुच्छेदांत विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा उल्लेख असून, ज्यांचा खर्च पूर्णतः वा अंशतः राज्याच्या निधींतून होतो त्यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करतां येणार नाहीं, असें म्हटलें आहे. १९२३ चा ठराव शेजारीं ठेवून हीं वाक्यें वाचावीं. शिफारस होती ती हक्क झाली. आधार मात्र तोच, सर्वांच्या पैशाचा. तें पाहण्यास बोले हयात होते. १९६१ सालीं त्यांचें निधन झालें.